काका, पुण्याच्या आधी मिरजेला जाऊन या

सांगलीहून आलेलं पत्र आहे, जागेअभावी थोडं कापून देतेय:

"ताई, नमस्कार. वय ५७, मागच्या वर्षी बँकेतून मोकळा झालो. कॅसेटच्या काळापासून ख्याल ऐकतोय, स्वतः गात नाही पण कान आहे असं लोक म्हणायचे. आता एक चांगला हेडफोन घ्यायचा म्हणून पावणेदोन लाख बाजूला ठेवलेत (घरी आकडा माहीत नाही). पुण्यात एका दुकानात जाऊन तीन ऐकले. सेनहायझर एचडी ८०० एस लावला तर तानपुऱ्याची तार न तार सुटी झाली, खोटं नाही सांगत, डोळे भरून आले. ऑडेझी एलसीडी-एक्समध्ये डग्गा छातीत वाजला. एचडी ६०० मात्र फिका वाटला, अगदी पाणी घातलेल्या आमटीसारखा. मग एका ओळखीच्यांकडून ८०० एस दोन दिवस घरी आणला, तर वीस मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं! मुलगा म्हणतो बाबा हा सगळा मनाचा खेळ आहे. त्याचा मित्र म्हणतो तुमच्या फाइल्स हाय-रेझ (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या) नाहीत म्हणून असं होतं. आवाजाचा दर्जा ओळखायचा तरी कसा? का माझे कानच गेले? ता. क. मी चष्मा लावतो. आणि ओपन बॅकचा (मागून जाळीने उघड्या हेडफोनचा) आवाज बाहेर येतो म्हणून घरात कुरकुर आहे."

काका, तुम्ही मला ताई म्हणताय आणि मी तुम्हाला काका म्हणतेय, नात्याचा पार घोळ झालाय पण असू दे. कान गेलेले नाहीत. निदान वीस मिनिटांत त्रास झाला एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

आधी दुकानात काय झालं ते बघू, कारण मला वाटतं सगळा गोंधळ तिथेच झालाय. तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी पैज लावते की तिन्ही हेडफोन एकाच अँपला (आवाजाला जोर देणाऱ्या पेटीला) लावले होते आणि मधे कोणी व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावला नव्हता. आता बघा, एचडी ६०० आहे ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) आणि एलसीडी-एक्स फक्त २० ओहमचा, आणि वरून तो तेवढ्याच पॉवरमध्ये जास्त वाजणारा. नॉब एकाच जागी ठेवला तर एलसीडी-एक्स कितीतरी जोरात वाजतो, ८०० एस त्याच्या खाली आणि एचडी ६०० तिघांत सगळ्यात हळू. म्हणजे तुम्ही तीन हेडफोन नाही ऐकलेत, तीन व्हॉल्यूम ऐकलेत! आणि हळू आवाजाची गंमत अशी की तो नुसता हळू वाटत नाही. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर जास्त प्रमाणात कमी ऐकू येतात, आणि अगदी वरचेही थोडे. उरतो मधला भाग. डग्ग्याचा घुमारा गेला, तानपुऱ्याची चमक गेली, मग आमटी फिकी लागणारच ना. त्यात एचडी ६०० चा अगदी खालचा बेस मुळात थोडा कमीच आहे हेही खरं, पण तुम्ही म्हणताय तेवढा तो बिचारा फिका नाही. १९९७ पासून विकला जातोय उगीच नाही.

बरं हा फरक मोठाच हवा असंही नाही. एक डेसिबलचा फरक असेल तर माणूस "हा जोरात आहे" असं म्हणत नाही, "हा जास्त स्पष्ट आहे, जास्त मोकळा आहे" असं म्हणतो, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणतो. मीही म्हणले होते. एका दुकानात (नाव नको) एक चकाकता हेडफोन ऐकताना विक्रेत्याने गप्पा मारता मारता आवाज जरासा वाढवला होता, हे मला चार महिन्यांनी अर्ध्या किमतीत तो विकताना लक्षात आलं.

आई साडी घ्यायला जायची तेव्हा आवडलेली साडी उचलून दुकानाच्या दारात न्यायची, उन्हात. आतल्या दिव्यांखाली सगळेच जांभळे रंग राजेशाही दिसतात. हेडफोनचं दार म्हणजे सारखा आवाज आणि भरपूर वेळ, एवढंच. आवाज सारखा करायचा घरगुती जुगाड सांगते: पुठ्ठ्याला फोनचा माइक जाईल एवढं भोक पाडा, हेडफोनची एक बाजू त्या पुठ्ठ्यावर नीट बसवा, एकसारखा चालणारा आवाज लावा (नुसता तानपुरा चालेल) आणि फोनमधल्या डेसिबलच्या अ‍ॅपवर आकडा बघा. तो आकडा खरा नसतो, पण आपल्याला खरा नकोय, दोन्ही हेडफोनवर साधारण सारखा हवाय. दुकानात हे करायला लाज वाटत असेल तर निदान नॉब स्वतःच्या हातात घ्या आणि प्रत्येक हेडफोनवर गायकाचा मधल्या सप्तकातला आवाज सारखा येईपर्यंत फिरवा, मगच मत बनवा.

आता मिरज. तुमच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर सतारमेकर गल्ली आहे आणि तुम्ही तानपुरा कसा वाजतो ते ठरवायला पुण्याच्या एसी शोरूममध्ये गेलात, काका याला काय म्हणायचं! मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, पण जाऊन ऐकलं किती जणांनी. एक दुपार काढा. कारागीर जवारी काढत (तारेचा झणकार जुळवत) असेल तिथे त्याची परवानगी घेऊन शेजारी बसा, तो घोडी (तार जिच्यावर टेकते ती) घासतो, तार लावतो, दोरा पुढेमागे सरकवतो, आणि एका क्षणी नुसती टण्ण वाजणारी तार गायला लागते. तो क्षण कानात साठवून आणा. माझा मुद्दा हा आहे की सवाई गंधर्वच्या मंडपात तुम्ही ऐकता ते खरं गाणं नसतं असं नाही, पण ते माइक, मिक्सर आणि मोठाल्या स्पीकरमधून आलेलं असतं. तो संदर्भ धरून हेडफोन तपासला तर एका स्पीकरची दुसऱ्या स्पीकरशी तुलना होते. संदर्भ हवा माइक नसलेला. घरगुती बैठक, एखाद्या गाणाऱ्यांचा रियाज, किंवा मिरजेची ती गल्ली.

आणि तानपुरा ऐकताना चमक सोडून दुसरीच गोष्ट शोधा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला लावलेला) तानपुरा घ्या, षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, खर्जाची तार त्याच्या निम्मी म्हणजे ६९ च्या आसपास. त्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो त्या तारेचा पाचवा अंश (तिच्या मूळ सुराच्या पाचपट), म्हणजे ३४६-३४७ हर्ट्झ. ही काही आभाळातली फ्रिक्वेन्सी नाही, अगदी माणसाच्या गळ्यातली आहे! म्हणजे स्वयंभू गंधार ऐकवायला लाखाचा ट्रेबल (वरचे सूर) लागत नाही, मधला भाग स्वच्छ लागतो आणि त्याच्या अंगावर फुगवलेला बेस येऊन बसलेला नको. त्याच्या वर जी झिलई असते, आपण जिला जवारी खुली आहे म्हणतो, ती साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टप्प्यात सगळ्यात जास्त जाणवते कारण आपला कान तिथेच सगळ्यात तिखट आहे, आणि हेडफोन बनवणाऱ्या कंपन्यांचं एकमेकांशी पटत नाही तेही नेमकं तिथेच आणि त्याच्या जरा वर. (सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुऱ्याच्या घोडीवर लिहून ठेवलंय, की जे अंश छेडण्याच्या जागेमुळे उमटायलाच नकोत तेही ही घोडी उमटवते. नोबेल त्यांना दुसऱ्या कामासाठी मिळालं, पण माझ्या मते हेही काही कमी नाही.)

तर ८०० एस ने तुमचे डोळे का भरून आले? पहिली गोष्ट, त्याचा साउंडस्टेज खरोखर मोठा आहे, ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानापासून लांब आणि तिरका बसवलाय, त्यामुळे दोन तानपुरे दोन बाजूंना आणि गायक मधे असं सुटं सुटं मांडल्यासारखं वाटतं. हे त्याचं श्रेय, ते काढून घेणार नाही. पण दुसरी गोष्ट, २००९ च्या मूळ एचडी ८०० ला सहा हजार हर्ट्झच्या आसपास एक चांगलाच उंचवटा होता, २०१६ च्या एस मध्ये आत आवाज शोषणारा भाग घालून तो कमी केला, तरी हा हेडफोन अजूनही उजळच आहे. उजळ हेडफोनवर पहिल्या पाच मिनिटांत "हे तर कधी ऐकलंच नव्हतं" असं होतं, तबल्याची चाट टिचकीसारखी वाजते, गायकाने घेतलेला श्वास, पेटीचा भाता, मागच्या रांगेतला खोकला, सगळं पुढे येतं. याला लोक डिटेल म्हणतात. माझं मत, ते डिटेल थोडं आणि प्रकाश जास्त. भिंतीवर बाजूने बॅटरी मारली की पोपडे दिसतात, म्हणून भिंत जास्त चांगली दिसली असं होत नाही. खरं डिटेल वेगळं असतं: गायकाचा आवाज आणि पेटी एकाच स्वरावर आले तरी दोन राहतात का, विलंबितमधे डग्ग्यावरची मींड वर चढताना तिचा रस्ता कळतो का, बंदिशीचे शब्द जोर न लावता समजतात का. हे आवाज वाढवून येत नाही, आणि चमक वाढवून तर नाहीच.

वीस मिनिटांत कपाळ ठणकायचं कारणही बहुतेक हेच. दुकानातल्या त्या आठवणीसाठी घरी तुम्ही आवाज वाढवला असणार. चष्म्याची काडी पॅडखाली दाबली जाते तेही बघा, कधीकधी दुखणं कानाचं नसून काडीचं असतं. शिवाय काडीमुळे पॅड आणि गाल यांच्यात फट पडते, आणि एलसीडी-एक्ससारख्या प्लेनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनमध्ये त्या फटीतून अगदी खालचा बेस निसटतो. म्हणून डेमोला रोजचाच चष्मा लावून जा, बारीक काडीचा नवा घेऊन नको.

वजनाचं बोलायचं राहिलं. एचडी ६०० आहे २६० ग्रॅमचा, ८०० एस ३३० चा, आणि एलसीडी-एक्स सहाशेच्या वर. पाऊण तासाचा विलंबित ऐकायचा असेल तर अर्धा किलोच्या वरचं वजन मानेवर घेऊन ऐकून बघा आधी. आवाजाचा दर्जा आणि मानेचं दुखणं वेगवेगळं ठेवता येत नाही, मान दुखली की गाणं वाईटच लागतं.

आता मुलाचं म्हणणं. तो अर्धा बरोबर आहे आणि त्याला हे वाचून दाखवू नका नाहीतर पूर्ण बरोबर आहे असं म्हणेल. किंमत डोळ्याला दिसली की कान तिच्यामागे जातो हे खरं. २०१७ मध्ये जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात वाजतो ते) यांचा एकमेकांशी संबंध सापडला नाही. म्हणजे जास्त पैसे मोजले म्हणून सूर जास्त बरोबर मिळतील याची हमी नाही. पण म्हणून सगळे हेडफोन सारखे असंही नाही, उलट हेडफोनमधले फरक डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा भाग), केबल, फाइल यांच्यापेक्षा कैक पटींनी मोठे असतात, कोणालाही ऐकू येतील एवढे. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी लोकांना कुठला हेडफोन ते कळू न देता ऐकवलं. अडचण अशी की हेडफोन डोक्यावर चढवला की वजनावरून आणि पॅडवरून ओळखू येतो, मग त्यांनी एकाच हेडफोनवर ईक्यू (सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) लावून बाकीच्यांचे आवाज उभे केले. त्यातून दिसलं की बहुतेकांची आवड बरीच मिळतीजुळती असते, त्या आवडीच्या आलेखाला हार्मन टार्गेट म्हणतात. तो मोजमापाला चांगला आहे पण सरासरीचा आहे, त्यांचे श्रोते काही ख्याल ऐकणारे निवडून घेतलेले नव्हते, आणि सरासरीपेक्षा बेस जरा कमी आवडणारे लोक त्यांच्याच निष्कर्षात आहेत. मी स्वतः त्यातलीच. माझ्या मते हार्मनचा बेस डग्ग्याला अंमळ जास्त होतो, बैठकीत डग्गा असा पिंपात बसून वाजत नाही.

मुलाच्या मित्राला मात्र नम्रपणे नाही म्हणा. मेयर आणि मोरान या दोघांनी बोस्टनकडे एक वर्षभर चाचण्या घेतल्या, हाय-रेझ डिस्क सरळ वाजवायची आणि तीच मधे सीडीच्या दर्जाला उतरवून वाजवायची, ओळखा कुठली कुठली. ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. ते २००७ मध्ये छापून आलं. तुमच्याकडची रेकॉर्डिंग मुळात कशी झाली याने जो फरक पडतो त्यापुढे फाइलचा फरक म्हणजे काहीच नाही. ७८ च्या तव्यांवरून (जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डवरून) उतरवलेलं जुनं गाणं तुम्ही ऐकत असणारच, त्यात वरचे सूर तव्यातच नाहीत, तिथे उजळ हेडफोन फक्त खरखर जास्त ऐकवतो. तुमच्या साठ्यातलं निम्मं तसं असेल तर ८०० एस बद्दल माझं मत आणखी खाली जाईल.

माझी एक आवडती चाचणी आहे, ती करा. हल्लीच्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा खरा नसतो, इलेक्ट्रॉनिक पेटीतला असतो. असं एक रेकॉर्डिंग घ्या आणि एक खऱ्या तानपुऱ्याचं, तुमच्या पूर्ण ओळखीचं. चांगल्या हेडफोनवर पहिला कंटाळवाणा वाटला पाहिजे, प्रत्येक आवर्तन पहिल्यासारखंच, आणि दुसऱ्यात बोट कधी हलकं कधी जड पडलेलं कळलं पाहिजे. जो हेडफोन पेटीतल्या तानपुऱ्यालाही मिरजेचा करून दाखवतो तो गोडबोल्या आहे. गोडबोल्या घ्यायला हरकत नाही म्हणा, मनोरंजनासाठी माझ्याकडेही एक आहे, पण तुम्ही दर्जा विचारलाय.

वयाचं विचारलंत. ५७ व्या वर्षी बारा-तेरा हजार हर्ट्झच्या वरचं कमी होणं किंवा जाणं अगदी सर्वसाधारण आहे, आणि वर बघितलंत तसं तुमचं गाणं बहुतेक सगळं त्याच्या बरंच खाली आहे. तरीही एकदा ऑडिओग्राम करून घ्या, ८००० हर्ट्झपर्यंत तपासतात, फार वेळ लागत नाही, दोन्ही कानांत फरक असेल तर गायक मधून थोडा डावी-उजवीकडे सरकलेला का वाटतो तेही कळेल आणि हेडफोनला शिव्या द्यायच्या वाचतील. ऐकताना आवाजही सांभाळा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास एवढी मर्यादा सांगते, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. बायको शेजारून बोलली तर ऐकू यावं एवढा आवाज ठेवा असं मी म्हणणार होते, पण ओपन बॅकमध्ये तसंही ऐकू येतं.

मग करायचं काय. एचडी ६०० घरी आणा, उसना किंवा परत करता येईल असा. त्याला ३०० ओहम झेपेल असा साधा बरा अँप हवा, त्यावर फार पैसे घालू नका, आणि केबलवर तर एक रुपया नको. पंधरा दिवस फक्त त्यावर ऐका, दुसरं काही नाही. विक्रेता म्हणेल शंभर तास बर्न-इन (नवा हेडफोन वाजवून मोकळा करणं) होऊ द्या, तर होऊ द्या, पण पॅड मऊ होणं आणि आपला कान रुळणं यापलीकडे त्यात फार काही होत नाही, आणि शंभर तास होईपर्यंत परतीची मुदत संपते हा योगायोग नसावा. मग पंधरा दिवसांनी ओळखीच्यांकडचा ८०० एस परत आणा, आवाज सारखा करून तीन-चार दिवस ऐका, जमल्यास ईक्यूमध्ये सहा हजारच्या आसपास तीनेक डेसिबल कमी करूनही बघा, फुकट आहे. आणि मग पुन्हा ६०० वर या. पुढे जाताना सगळंच नवं छान वाटतं, तो निकाल धरूच नका. मागे आल्यावर काय गेलं ते बघा. गायकाभोवतीची मोकळी जागा गेली आणि ती चुटपुट चौथ्या दिवशीही राहिली, तर पैसे आहेत, ८०० एस घ्या आणि मी काय म्हणते तिकडे लक्ष देऊ नका. दोन दिवसांत विसरलात तर तुमच्या पावणेदोन लाखांतले सव्वा लाखाच्या वर उरतात. एलसीडी-एक्स मी तुम्हाला सुचवणार नाही, वाईट आहे म्हणून नाही, बायका गातात तो वरचा टप्पा त्यात मला मागे गेल्यासारखा वाटतो आणि मान तुमची आहे.

ओपन बॅकचा आवाज बाहेर येण्यावर मात्र काही इलाज नाही, त्याची जाळीच त्यासाठी आहे. शेजारच्या खोलीत बसा आणि दार लावून घ्या. आणि हो, पुन्हा पुण्याला डेमोला जाणार असाल तर सकाळची गाडी पकडा पण स्वारगेटच्या गर्दीतून थेट दुकानात शिरू नका, कुठेतरी अर्धा तास शांत चहा घ्या, हॉर्न ऐकून आलेल्या कानाला सगळेच हेडफोन फिके वाटतात.